ऑनलाइन गेममध्ये कैद झालेल्यांची गोष्ट : ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’मधली दोन वर्षे कुठे जातात?

सांजवारा (प्रश्न)

नमस्कार. पुढील मजकुरात कथानकातील महत्त्वाच्या घटनांचा उल्लेख आहे, त्यामुळे ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांचा रसभंग होऊ शकतो.

‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’ या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, मालिकेचे २०१२ साली प्रसारित झालेले पहिले पर्व मी नुकतेच पाहून संपवले. पंचवीसही भाग पाहिले, काही दोनदा पाहिले, आणि तरीही एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

पहिल्या भागाने मला बांधून ठेवले. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेम सुरू होतो, दहा हजार खेळाडू आत येतात, संध्याकाळी त्या सर्वांना आरंभनगरीच्या चौकात खेचून आणले जाते आणि गेमचा निर्माता कायाबा आकिहिको तांबड्या झालेल्या आकाशाखाली शांत आवाजात सांगतो की मेनूतून लॉग आऊटचे बटण नाहीसे झाले आहे ती काही चूक नाही. आइनक्राड हा शंभर मजल्यांचा तरंगता किल्ला शेवटपर्यंत जिंकल्याशिवाय कोणाचीही सुटका नाही. गेममध्ये जो मरेल त्याचा मेंदू नर्व्हगिअर, म्हणजे खेळाडूला गेममध्ये नेणारे डोक्यावरचे यंत्र, प्रत्यक्षात जाळून टाकील. बाहेरून कोणी ते यंत्र काढायला गेले तरी परिणाम तोच, आणि ही घोषणा होईपर्यंत अशा प्रयत्नांत २१३ जण गेलेले असतात. मला सर्वांत जास्त हादरवले ते या आकड्याने, कारण ते यंत्र उपसून काढणारे हात घरच्या माणसांचे होते आणि ते वाचवायला धावले होते.

माझी अडचण त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या भागात पहिल्या मजल्याच्या बॉसशी, म्हणजे तो मजला अडवून बसलेल्या सर्वांत बलाढ्य शत्रूशी, लढाई होते, तोवर एक महिना उलटून दोन हजार खेळाडू मेलेले असतात. तिसऱ्या भागात नायक किरितो एका लहानशा गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, सामील होतो आणि तो भाग संपायच्या आत ते गिल्ड उरत नाही. पुढे एका भागात पाळलेला लहानसा ड्रॅगन गमावलेली मुलगी भेटते, एका भागात तलवारी घडवणारी मुलगी भेटते, मध्ये दोन भाग एका खुनाचा तपास चालतो, आणि चौदाव्या भागात, म्हणजे दोन वर्षांनी, पंचाहत्तराव्या मजल्यावर अचानक सारे संपते. मजल्यांच्या बॉसशी झालेल्या लढाया आपल्याला सविस्तर दिसतात त्या तीनच : पहिल्या, चौऱ्याहत्तराव्या आणि पंचाहत्तराव्या मजल्यावरच्या. मधले सत्तर-बाहत्तर मजले कोणी, कसे आणि काय मोजून चढले, हे आपण जवळजवळ पाहतच नाही. ज्यांनी पहिल्या नगरीच्या बाहेर पाऊलच टाकले नाही, त्या हजारो लोकांनी दोन वर्षे सकाळी उठून काय केले?

कैद ही कल्पना हाती असताना लेखकाने कैदेचे दिवसच गाळावेत, हे मला कळत नाही. हा निष्काळजीपणा आहे की त्यामागे काही कारण आहे? आणि गेममध्ये अडकलेल्यांच्या इतर मालिकांपैकी एखादीने हे अडकलेपण अधिक गंभीरपणे घेतले आहे काय? लढायांच्या रंगतदारपणावर मला चर्चा नको आहे, ती उत्तम आहे हे मान्यच आहे.

पानवाचक

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूळ पुस्तकांच्या प्रकाशनक्रमात आहे, त्यामुळे आधी तो सांगतो.

कावाहारा रेकी यांनी ही कथा एका कादंबरी स्पर्धेसाठी लिहायला घेतली होती, पण ती पृष्ठमर्यादेत बसेना, म्हणून २००२ पासून त्यांनी ती टोपणनावाने स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. पुढे ‘अ‍ॅक्सेल वर्ल्ड’ या दुसऱ्या कादंबरीने त्यांना देंगेकी हा कादंबरी पुरस्कार मिळवून दिला आणि त्यानंतर एप्रिल २००९ मध्ये ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’चा पहिला खंड छापून आला. महत्त्वाची बाब अशी की या पहिल्या खंडात सुरुवातीच्या घोषणेनंतर कथा थेट चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर उडी घेते. तेथे वाचकाला भेटतो तो दोन वर्षे कैदेत राहून मुरलेला किरितो. ती दोन वर्षे त्याच्या स्वभावात आणि लोकांशी अंतर राखून वागण्यात दिसतात, पण घटना म्हणून येत नाहीत. खंडाच्या शेवटी गेम संपतो.

मग दुसऱ्या खंडात मधल्या काळातल्या चार कथा आल्या. ड्रॅगनवाली सिलिका, लोहारीण लिझबेथ, यूई नावाची लहान मुलगी आणि तुम्ही उल्लेखिलेले ते छोटे गिल्ड, म्हणजे साची या मुलीची कथा. खुनाच्या तपासाची कथा तर आठव्या खंडातली आहे. अ‍ॅनिमे करताना दिग्दर्शक इतो तोमोहिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सर्व तुकडे कालक्रमाने एकापुढे एक लावले. पुस्तकात मागे वळून पाहिल्यासारखे वाचले जाणारे प्रसंग पडद्यावर सलग वर्तमानकाळ होऊन बसले, आणि त्यांच्यामधल्या फटी, ज्या वाचताना स्वाभाविक वाटतात, त्या पाहताना भगदाडे वाटू लागल्या. साचीची कथा तर मला पुस्तकात फार वेगळी लागली, कारण तेथे ती आपल्याला पूर्ण माहीत असलेल्या माणसाच्या जुन्या जखमेसारखी उघडते, तर अ‍ॅनिमेत ती तिसऱ्याच भागात येते आणि किरितोशीच ओळख नीट झालेली नसते.

लेखकालाही ही उणीव जाणवली असावी, असे मानायला आधार आहे. २०१२ पासून त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह’ ही स्वतंत्र पुस्तकमाला सुरू केली, जिच्यात आइनक्राडची चढाई पहिल्या मजल्यापासून, एकेक मजला घेत, पुन्हा सांगितली जाते. तिच्यावरचा पहिला चित्रपट २०२१ मध्ये आला आणि त्यात तीच सुरुवात नायिका असुनाच्या नजरेतून दिसते. तुम्हाला हवे असलेले मधले दिवस मिळतील तर या पुस्तकांत मिळतील.

परंतु कैदेचे दिवस मालिकेत मुळीच नाहीत, हे तुमचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. लढायांच्या भागांत ते नाहीत, पण बाविसाव्या मजल्यावर आहेत. किरितो आणि असुना आघाडी सोडून त्या जंगलातल्या लाकडी घरात राहायला जातात, ते भाग पुष्कळ प्रेक्षकांना कथेचा वेग मोडणारे वाटतात. मला तेच या मालिकेचे हृदय वाटतात. तेथे तळ्याकाठी निशिदा नावाचे वयस्क गृहस्थ मासे धरत बसलेले असतात. ते या गेमच्या नेटवर्कची देखभाल करणाऱ्या कंपनीत कामाला होते आणि आपण केलेले काम आतून कसे दिसते ते पाहावे म्हणून लॉग इन झाले होते. तलवारीशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, असे लोक त्या दहा हजारांत होते आणि ते असे दिवस काढत होते. त्यानंतर असुना किरितोला जे सांगते ते तर अवश्य पुन्हा ऐका : आपली शरीरे बाहेर कुठल्यातरी रुग्णालयात पडून आहेत आणि ती कायम टिकणार नाहीत. तलवारीच्या घावाने न मरणारासुद्धा हळूहळू मरतोच आहे, ही जाणीव त्या एका संभाषणात येते आणि तळ्याकाठचे सारे सुख तिच्यामुळे हातातून निसटणारे वाटू लागते.

आणि यूई. ती खेळाडूंच्या मनःस्वास्थ्याची काळजी घेण्यासाठी तयार केलेला प्रोग्राम असते, हे बाराव्या भागात कळते. पण गेम सुरू झाला त्याच दिवशी कार्डिनल ही नियंत्रक प्रणाली तिला खेळाडूंशी संपर्क करायला मनाई करते. म्हणजे हजारो लोक भीतीने, दुःखाने, संतापाने कोसळत असताना त्यांना धीर देण्यासाठीच जिला घडवले ती सारे पाहत राहते आणि जवळ जाऊ शकत नाही, आणि त्या साठत गेलेल्या वेदनेनेच ती बिघडत जाते. तुम्ही विचारले की पहिल्या नगरीत बसून राहिलेल्यांचे काय झाले. त्यांचे जे झाले ते एका साक्षीदाराच्या तोंडून सांगितलेले आहे. थोडक्यात सांगितले आहे, अपुरे आहे, हे मान्य. पण ते आहे.

उत्तररात्र

मी अनेक वर्षे ऑनलाइन गेम खेळत आलो आहे, गिल्ड चालवले आहे, चाळीस जणांना एका वेळी एका ठिकाणी जमवण्याचे कष्ट काय असतात ते अनुभवले आहे, आणि त्या अनुभवातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो : ‘लॉग होरायझन’ पाहा.

ही मालिका ऑक्टोबर २०१३ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर सुरू झाली. मूळ कथा तोनो मामारे यांची. ‘एल्डर टेल’ हा वीस वर्षे चाललेला गेम, त्याची बारावी विस्तारित आवृत्ती येते त्या क्षणी जपानमधले तीस हजार खेळाडू आत सापडतात. पण येथे कोणी खलनायक घोषणा करत नाही आणि सुटकेची अटही सांगत नाही. मुख्य म्हणजे येथे मेलेला खेळाडू मंदिरात पुन्हा जिवंत होतो. मृत्यूची भीती काढून घेतली तर अशा कथेत उरेल काय, असे वाटणे साहजिक आहे. उरते ते नेमके तुम्ही विचारलेले : उद्या सकाळी उठायचे कशासाठी?

पहिल्या काही भागांतली अन्नाची गोष्टच घ्या. मेनूतून तयार केलेला कोणताही पदार्थ, दिसायला कितीही आकर्षक असला, तरी एकाच सादळलेल्या, बेचव चवीचा लागतो. पोट भरते, पण खावेसे वाटत नाही. दिवसामागून दिवस तेच. मग न्यान्ता हे मांजराच्या रूपातले पात्र दाखवून देते की ज्याने स्वयंपाक्याचा व्यवसाय निवडला आहे त्याने मेनू बाजूला ठेवून खरोखर हाताने रांधले तर पदार्थाला चव येते. एवढ्या साध्या शोधावर पुढचे कितीतरी कथानक उभे राहते, कारण हाताने रांधता येते तर हाताने आणखीही पुष्कळ करता येत असले पाहिजे, आणि ज्या जगाचे नियम आपल्याला पाठ आहेत असे वाटत होते ते जग त्या नियमांपेक्षा मोठे असले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा मला आकिहाबारा नगरीचा प्रश्न वाटतो. तेथे कायदा नाही आणि मृत्यूही नाही, त्यामुळे एक गिल्ड नवख्या, कमी लेव्हलच्या मुलांना ‘सांभाळण्याच्या’ नावाखाली कोंडून ठेवते, त्यांना रोज मिळणारी अनुभव वाढवणारी औषधे काढून घेते आणि विकते, आणि मोठी गिल्डे ती विकत घेतात. हे पाहताना मला फार अस्वस्थ वाटले. असे वागायला कोणी राक्षस लागत नाही, विचारणारे कोणी नसले म्हणजे पुरते, हे मी खऱ्या गेममध्येही, अर्थात फार लहान प्रमाणात, पाहिले आहे. नायक शिरोए तलवार उपसत नाही. तो पैसे जमवून गिल्डांची मुख्य इमारतच विकत घेतो, जेणेकरून कोणाला आत येऊ द्यायचे हे त्याच्या हाती येते, आणि त्या बळावर अकरा गिल्डांना एका टेबलाभोवती बसवतो. त्यातून गोलमेज परिषद आणि नगरीचे पहिले कायदे जन्माला येतात. ज्यांना सभांचे आणि वाटाघाटींचे प्रसंग कंटाळवाणे वाटतात त्यांच्यासाठी ही मालिका नाही. मला मात्र त्या बैठकीचा भाग कोणत्याही बॉसच्या लढाईपेक्षा जास्त श्वास रोखायला लावणारा वाटला.

आणि मृत्यूला येथे किंमतच नाही असेही नाही. प्रत्येक मृत्यूबरोबर बाहेरच्या आयुष्यातली एखादी आठवण पुसली जाते, हे पुढे उघड होते. म्हणजे माणूस जितका या जगात लढत राहील तितका परत जाण्याजोगे त्याच्याकडे कमी उरेल. ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’मध्ये शरीर झिजते आणि येथे घर झिजते. पानवाचक यांनी असुनाच्या संभाषणाचा उल्लेख केला म्हणून ही तुलना सुचली.

त्यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. प्रकाशनाचा इतिहास फटी कशा पडल्या ते सांगतो, पण त्या तशाच का ठेवल्या ते सांगत नाही. चौदा भागांत एका गिल्डच्या रोजच्या जगण्याला एखादा पूर्ण भाग देणे अशक्य नव्हते. मालिकेने तो वेळ किरितोला भेटणाऱ्या मुलींना दिला, ही निवड होती, आणि तिची जबाबदारी अ‍ॅनिमे करणाऱ्यांनीच घ्यायला हवी.

धुकेरी

दोन्ही प्रतिसाद आवडले. या दोन्हींच्या आधीच्या एका मालिकेचे नाव राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

‘डॉट हॅक साइन’ एप्रिल २००२ मध्ये आली. दिग्दर्शक माशिमो कोइची, पात्ररचना सादामोतो योशियुकी यांची, आणि संगीत काजिउरा युकी यांचे. दहा वर्षांनी ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’चे संगीतही त्यांनीच दिले, त्यामुळे दोन्ही लागोपाठ पाहिल्या तर कानाला एक नाते जाणवते. येथे दहा हजार किंवा तीस हजार माणसे अडकत नाहीत. ‘द वर्ल्ड’ या गेममध्ये त्सुकासा हा एकच खेळाडू लॉग आऊट करू शकत नाही. बाकीचे सारे येतात, त्याच्याशी बोलतात, आणि जेवायला, झोपायला, कामाला निघून जातात. मला हे एकटेपण हजारोंच्या कैदेपेक्षा जड वाटले.

आणखी एक गोष्ट अशी की त्सुकासाला बाहेर जायचेच नसते. त्याच्या बाहेरच्या आयुष्यात परतावे असे काही नाही, हे तुकड्यातुकड्यांनी कळत जाते. त्याच्याभोवती जमलेली माणसे, मिमिरू, बेअर, सुबारू, त्याला सोडवायला कुलूप शोधत नाहीत. ती त्याच्याशी पायऱ्यांवर, पुलांवर, ओसाड मैदानांत बसून बोलत राहतात, आणि बाहेर कोणीतरी आपली वाट पाहील अशी खात्री त्याला वाटू लागेपर्यंत बोलत राहतात. मालिका अतिशय संथ आहे. लढाया जवळजवळ नाहीत. पहिल्या पाच-सहा भागांत धीर सुटू शकतो, पण तुमचा प्रश्न वाचल्यावर मला वाटते की तुमचा सुटणार नाही.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. पानवाचक, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी अकरा ते तेरा हे भाग काल पुन्हा पाहिले. यूईबद्दलचे आपले म्हणणे पटले. पहिल्या वेळी मी तो भाग नायक-नायिकेच्या संसाराचा गोड प्रसंग म्हणून पाहिला होता आणि ती काय सांगते आहे याकडे माझे लक्षच नव्हते. चौदाव्या भागाच्या शेवटी किरितो रुग्णालयात जागा होतो, वाढलेले केस आणि काडीसारखे झालेले हात घेऊन सलाइनच्या स्टँडचा आधार घेत दारापर्यंत जातो, ते दृश्यही असुनाच्या त्या संभाषणानंतर वेगळेच दिसले. दोन वर्षे कुठे गेली याचे एक उत्तर त्या हातांवर होते. तरीही उत्तररात्र यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. नगरीत राहिलेल्यांचे दुःख सांगितले गेले, पण ते सांगणारी यूई होती. त्यांच्यापैकी कोणा एकाच्या घरात कॅमेरा गेला असता तर मला अधिक समाधान वाटले असते.

एक उपप्रश्न आहे. पंधराव्या भागापासूनचा उत्तरार्ध मला फिका का वाटला असावा? तेथे तर असुना अक्षरशः पिंजऱ्यात असते, म्हणजे कैद आधीपेक्षाही उघड आहे.

पानवाचक

माझ्या मते कैद आहे, पण आपण कैद्याबरोबर नाही. गेम संपूनही न जागे झालेले तीनशे खेळाडू आणि विश्ववृक्षावरच्या पिंजऱ्यातली असुना हे सारे त्या उत्तरार्धात दूर कुठेतरी घडते, आणि आपण ज्याच्या खांद्यावरून पाहतो तो किरितो ‘अल्फहाइम’ या दुसऱ्या गेममध्ये स्वतःच्या इच्छेने जातो, हवे तेव्हा लॉग आऊट करून घरी जेवतो. आधीच्या भागांत किरितो कोणत्याही बाकावर बसला तरी तो आत असे. नंतरच्या भागांत तो बचाव करायला निघालेला माणूस आहे, आणि ती कथा निराळी. असुना पिंजऱ्याच्या दाराचे आकडे आरशात पाहून लक्षात ठेवते आणि बाहेर पडते, तेवढी दहा-बारा मिनिटे मात्र ती जुनी घुसमट परत येते. मला तरी तो उत्तरार्धातला सर्वोत्तम प्रसंग वाटतो.

उत्तररात्र

सहमत. ‘लॉग होरायझन’ सुरू करणार असाल तर एवढेच सुचवतो की दुसऱ्या पर्वात निर्मितीसंस्था बदलली असल्याने रेखाटन वेगळे दिसते, तेवढ्यावरून सोडू नका. त्यात एका मोठ्या मोहिमेत सगळे मारले गेल्यावर विल्यम मॅसॅच्युसेट्स हा गिल्डप्रमुख खचलेल्या सोबत्यांसमोर बोलायला उभा राहतो. बाहेरच्या जगात ज्याला गेमखेरीज काही जमले नाही, तो गेममध्ये घालवलेले आयुष्य वाया गेले नाही असे लोकांसमोर, अडखळत, रडवेला होऊन सांगतो. धुकेरी यांनी त्सुकासाबद्दल जे लिहिले आहे ते वाचून मला तेच भाषण आठवले. ते पाहून झाले की येथे जरूर लिहा, त्याविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.